कर्जखताच्या पाठीमागे

मनुष्याचा हक्क कोणता, ह्या प्रश्नाची चर्चा सुशिक्षित समाजात पुष्कळ होते. परंतु तो हक्क कोणत्या वाटेने, किती खर्चाने व कोणापुढे उभे राहून पदरात पाडून घ्यावयाचा, ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे वकीलवर्गाखेरीज फारसे कोणी पाहत नाही. दिवाणी कार्यपद्धती म्हणजे समन्स, मुदत, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त अशा रुक्ष शब्दांचा गाठोडा, असाच सामान्य समज आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांचा समज मात्र असा नव्हता. त्यांनी न्यायदानाच्या क्रियेस ‘व्यवहार’ असे नाव दिले, व फिर्याद, उत्तर, पुरावा आणि निर्णय असे त्याचे चार पाय कल्पिले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ साली प्रसिद्ध झालेला तिसरा खंड ज्यांनी चाळला असेल, त्यांस ह्या विषयावर आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने विचार केला होता हे ठाऊकच आहे. चार पायांपैकी एक जरी लंगडा पडला तरी न्यायाचे सारे आसन डळमळते, हा त्या रूपकाचा सरळ अर्थ होय.

हा अर्थ केवळ ग्रंथांतरीचा नाही. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, पुणे, सोलापूर व सातारा ह्या चार जिल्ह्यांत १८७९ सालापासून दिवाणी कार्यपद्धतीचा एक विलक्षण प्रयोग झाला. ‘दुसऱ्या साली पीक बुडाले आणि कुणबी चिडला’ एवढ्यावर ज्या दंग्यांची हकीकत शाळेच्या पुस्तकांत आटोपते, त्या दंग्यांतून हा प्रयोग निपजला. त्याचे मोल मात्र स्थानिक इतिहासापुरते नाही. निरनिराळ्या राष्ट्रांच्या न्यायपद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे जे शास्त्र आज सर्व जगात वाढत आहे, त्याच्या दृष्टीने पारनेर-श्रीगोंद्याच्या कज्जांत पाहण्याजोगे पुष्कळ आहे. त्याचेच दिग्दर्शन येथे करावयाचे आहे.

प्रथम जुन्या पद्धतीचे स्वरूप पाहू. नगरचा किल्ला १७५९ साली पेशव्यांकडे आला. तेव्हापासून १८१८ पर्यंत ह्या मुलखात मराठशाहीचीच न्यायरीत होती. वतनाचा, वडीलपणाचा, शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत जमत असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते, प्रसंगी परगण्याचे देशमुख-देशपांडे हे त्यात बसत. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. म्हणजे जो निर्णय होईल तो मान्य करू असे वचन देऊन त्यास जामीन देत. मग दोघांचे करीने, म्हणजे आपापल्या बाजूच्या लेखी हकीकती, वाचल्या जात, साक्षी होत, शेवटी महजर किंवा निवाडपत्र होऊन जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. ह्या पद्धतीचे गोडवे गाताना तिचे दोष विसरता कामा नयेत. सभा जमण्यास महिने लागत, निर्णय अंमलात येईलच अशी खात्री नसे, आणि हरलेला पक्ष अधिकाऱ्याचे मन वळवून पुन्हा नवी पंचायत मागत असे. परंतु तिचा एक गुण निर्विवाद होता. न्याय करणारास दोन्ही पक्षांचा पूर्वेतिहास ठाऊक असे. दोघेही समोर असल्याशिवाय त्याचे काम चालतच नसे.

पैशाच्या देण्याघेण्याचे कज्जे ह्या सभांपुढे त्या मानाने कमी येत. तेथे सावकाराचे शस्त्र निराळेच होते. ते म्हणजे तगादा. धनको स्वतः किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात बसे, त्याला लाज आणी, प्रसंगी धरणे धरी. सरकार त्यात सहसा पडत नसे. हा मार्ग कठोर खरा. पण त्यालाही गावाच्या लोकमताची वेस होती. कुणब्यास समूळ उखडून टाकण्यात सावकाराचे हित नव्हते, व गावासमोर तसे करण्याची सोयही नव्हती. शिवाय व्याज मुद्दलाच्या दुपटीबाहेर जाऊ नये असा दामदुपटीचा नियम शास्त्राने घालून दिलेला होता.

पेशवाई गेल्यावर दक्षिणेचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागविली. नगरास त्या वेळी हेन्री पॉटिंजर हे कलेक्टर होते. ह्या माहितीवरून एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात पंचायतीचे गुणदोष दोन्ही नमूद केले, आणि दोष काढून टाकून ही संस्था टिकवावी असा आपला कल प्रकट केला. परकी राज्यकर्त्याने जित देशाची न्यायरीत हाती असलेल्या रीतीशी ताडून पाहण्याचा हा आपल्या भागातील एक आरंभीचा प्रयत्न होय. पण हेतू चांगला असून फळ आले नाही. पंचायतीमागे जो गावचा धाक होता तो नव्या अंमलात ओसरला. ज्यास निर्णय नको असेल त्यास न्यायाधीशाकडे जाण्याची वाट मोकळी झाली. १८२७ च्या रेग्युलेशनांनी मुन्सफांची न्यायालये स्थिर केली, आणि पंचायत नावापुरती उरली.

खरा पालट १८५९ साली झाला. त्या वर्षी सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी दिवाणी कार्यपद्धतीची पहिली संहिता मंजूर झाली व त्याच वर्षी मुदतीचा नवा कायदाही आला. १८२७ च्या रेग्युलेशनाप्रमाणे कर्जाच्या दाव्यास बारा वर्षांची मुदत असे. ती नव्या कायद्याने साध्या खतास तीन वर्षांवर आणली. विलायतेतील किंवा मुंबईच्या पेढीवरील व्यापाऱ्यास ही सुधारणाच होती. जुने देणे डोक्यावर लोंबकळत राहू नये, हिशेब वेळच्या वेळी मिटावेत, हा तिचा हेतू. परंतु कोरडवाहू जमिनीच्या कुणब्याचे पीक तीन वर्षांत एकदा पुरते येईल की नाही ह्याचीच भ्रांत. मुदत भरत आली की सावकारापुढे दोनच वाटा उरत, दावा लावणे किंवा नवे खत लिहून घेणे. नव्या खतात थकलेले व्याज मुद्दलात मिळे, आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर व्याज पुन्हा नव्याने चालू होई. दामदुपटीचा नियम पुस्तकात जसाच्या तसा होता. पण प्रत्येक नव्या खताबरोबर ‘मुद्दल’च बदलत गेल्यामुळे तो नियम पोकळ झाला. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला मुदतीचा नियम ऋणकोच्याच गळ्यास लागला तो असा.

दुसरी गोष्ट एकतर्फी हुकूमनाम्याची. नव्या संहितेचे गृहीत असे, की दोन सारख्या तोलाचे पक्ष आपापली बाजू मांडतील व न्यायाधीश मधे तराजू धरून बसेल. प्रतिवादी आला नाही तर त्यास काही म्हणावयाचे नाही असे समजावे, हे ह्या गृहीतावरून ओघानेच आले. आता अकोल्याच्या डोंगरातील किंवा जामखेडच्या माळावरील अक्षरशून्य कुणबी डोळ्यांपुढे आणावा. कोर्ट अनेक कोसांवर. जाण्यायेण्यात पेरणीचे दिवस बुडावयाचे. समन्स हाती पडेलच असे नाही, पडले तरी वाचावयास कोण? खतावर आपला अंगठा आहे एवढे त्यास ठाऊक. आत काय लिहिले आहे ते लिहिणारास ठाऊक. वकील द्यावा तर त्यासाठी पुन्हा त्याच सावकाराकडून कर्ज काढावे. तेव्हा तो घरीच बसे, आणि त्याच्या पाठीमागे हुकूमनामा होई. पुढे जमीन, बैल, भांडी जप्त होत; इतकेच नव्हे तर देणे न फिटल्यास दिवाणी तुरुंगाची भीतीही डोक्यावर असे. पुष्कळदा हुकूमनामा बजावण्याची गरजच पडत नसे. त्याचा नुसता धाक दाखवून सावकार नवे खत लिहून घेई. पूर्वी तगाद्याचा त्रास सावकाराला स्वतःच्या अंगाने घ्यावा लागे. आता सरकारचा शिपाई त्याच्या वतीने तगादा करू लागला.

ह्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव चढले, लोहमार्गाच्या कामावर मजुरी मिळू लागली, आणि कुणब्याची पत वाढली. पत वाढली म्हणजे कर्ज वाढले. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि त्याच वेळी जमिनीच्या फेरपाहणीने काही तालुक्यांत सारा चढला. न्यायपद्धतीच्या चुकीचे पुरते परिणाम त्या वेळी दृष्टीस पडले.

१२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे (नगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात त्याच नावाचे गाव आहे, ते हे नव्हे) बाजारच्या दिवशी जमाव उठला. तेथून वणवा नगर जिल्ह्यात पसरला. मुख्यतः पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत ह्या तालुक्यांत दंगे झाले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली व त्यांपैकी ५०१ जणांस शिक्षा झाली. ह्या दंग्यांचे जे वैशिष्ट्य सर्वांच्या नजरेस आले ते असे, की जमावाने प्राणहानी जवळजवळ केली नाही. त्याने मागितली ती खते, आणि ती हाती येताच जाळली. दंगेखोर सावकाराच्या जिवावर किंवा त्याच्या जातीवर उठले होते असे म्हणणे अपुरे आहे. ते उठले होते कागदावर. ज्या कागदातील मजकूर आपणास वाचता येत नाही, ज्याच्या मागचा इतिहास कोणी विचारीत नाही, पण ज्याच्या जोरावर कोर्ट आपले घर उठविते, त्या कागदावर. गुन्हा तो गुन्हाच, परंतु दिवाणी कार्यपद्धतीवर अशिक्षित प्रजेने केलेली इतकी अचूक टीका इतिहासात क्वचितच आढळेल.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व त्याचा अहवाल १८७६ साली तयार झाला. सदस्यांचे एकमत नव्हते. ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपणात सारावाढीवर बोट ठेविले. ते बोट योग्य ठिकाणीच होते असे काही अभ्यासक मानतात. कारणे पुष्कळ होती. पण सरकारला सारा कमी करण्यापेक्षा कोर्टाची रीत बदलणे अधिक सोयीचे वाटले, हेही खरे. हेतू काहीही असो, थिओडोर होप यांनी जुलै १८७९ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, आणि १८७९ चा सतरावा कायदा, ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’, १ नोव्हेंबर १८७९ पासून चारही जिल्ह्यांत लागू झाला. सोयीसाठी आपण त्यास ‘दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा’ म्हणू.

ह्या कायद्याने कर्ज रद्द केले नाही. त्याने बदलली ती कर्जाचा दावा ऐकण्याची रीत. प्रतिवादी शेतकरी जेथे राहतो तेथल्याच कोर्टात दावा लावावा. कोर्टाने त्यास समक्ष बोलावून साक्षीदार म्हणून तपासावे. खतावर न थांबता देण्याघेण्याचा इतिहास अगदी पहिल्या व्यवहारापासून उकलावा. मुद्दल व व्याज ह्यांचे हिशेब वेगळे मांडून व्याजावर व्याज धरू नये. देणे ठरल्यावर हप्ते बांधून द्यावेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास तुरुंगात घालण्याची रीत बंद झाली. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही ती साध्या कर्जासाठी विकता येईनाशी झाली. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावेत, पैसे पोचल्याची पावती सावकाराने दिलीच पाहिजे, असे ठरले. दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुन्सफ आले. शंभर रुपयांपर्यंतच्या कामात वकिलांस मज्जाव झाला. आणि मोठ्या कामात विरुद्ध पक्षाकडे वकील असून शेतकऱ्यास तो देण्याची ऐपत नसेल, तर कोर्टाने त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा दुसरा योग्य मनुष्य नेमावा अशी तरतूद झाली. अपील बंद करून त्याऐवजी वरिष्ठ न्यायाधीशांनी आपण होऊन दप्तरे तपासावीत, अशी देखरेख बसविली. सर्वांवर कळस म्हणजे कन्सिलिएटर, म्हणजे सलोखा करून देणारा पंच. त्याच्यापुढे दोन्ही पक्षांनी आधी गेले पाहिजे, व सलोखा न झाल्याचा त्याचा दाखला असल्याखेरीज शेतकऱ्याविरुद्ध दावा दाखल होणार नाही, असा निर्बंध घातला गेला.

आता ही यादी जगाच्या नकाशावर ठेवून पाहावी. दाव्याआधी सलोख्याचा दाखला, ही कल्पना नगरच्या मातीत उगवलेली नव्हती. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ऑगस्ट १७९० च्या कायद्याने, शांतता-न्यायाधीशापुढे हजर होऊन आल्याच्या दाखल्याशिवाय दिवाणी दावा घेऊ नये असे ठरविले होते. डेन्मार्कात १७९५ साली व नॉर्वेत १७९७ साली सलोख्याची मंडळे स्थापन झाली. त्यांत गावचेच विश्वासू गृहस्थ बसत. आपल्याकडे विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या सहृदय अधिकाऱ्यांनी पंचायतीच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार चालविला होता; पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने लवादकोर्टांची चळवळ केली होती. तेव्हा १८७९ चा कन्सिलिएटर म्हणजे युरोपातील सलोखापंच व देशी पंच ह्यांचा एक प्रकारचा जोडवंश होय.

उलट, न्यायाधीशाने स्वतः चौकशी करावी हे जे ह्या कायद्याचे दुसरे अंग, त्यात नगरचे कोर्ट युरोपच्या पुढे होते असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. दिवाणी न्यायाधीशाने पंचासारखे स्वस्थ न बसता दुर्बल पक्षास त्याचे हक्क समजावून द्यावेत, सत्य बाहेर काढण्यात स्वतः भाग घ्यावा, हा विचार युरोपात मोठ्या संहितेच्या रूपाने रूढ केला तो ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ क्लाइन यांनी. त्यांची संहिता १८९५ साली मंजूर होऊन १८९८ साली अंमलात आली, आणि तुलनात्मक कायद्याच्या ग्रंथांत तीस युगप्रवर्तक म्हणून गौरवितात. व्हिएन्नात हा विचार संहिताबद्ध होण्याच्या सोळा वर्षे आधी श्रीगोंद्याच्या कुणब्याच्या दाव्यात दुय्यम न्यायाधीशावर तेच कर्तव्य कायद्याने लादले होते. इतकेच नव्हे, प्रतिवादीने देणे कबूल केले तरी ती कबुली खरी आहे व आपले हक्क समजून दिलेली आहे अशी कोर्टाची खात्री व्हावी लागे, व त्या खात्रीची कारणे लिहून ठेवावी लागत. अर्थात दोहोंत मोठे अंतर आहे. क्लाइन यांनी तो नियम सर्व नागरिकांसाठी केला. येथे तो एका वर्गापुरता, चार जिल्ह्यांपुरता, अपवाद म्हणून केला गेला. म्हणूनच जगाच्या ग्रंथांत व्हिएन्नाचे नाव राहिले व नगरचे राहिले नाही.

हा कायदा ज्यांच्या हातून राबला त्यांत एक नाव महाराष्ट्रास पूज्य आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८८१ साली ह्या कायद्याखालील कामावर पुणे व सातारा जिल्ह्यांसाठी नेमणूक झाली, आणि १८८७ मध्ये डॉ. पोलन यांच्यामागून ते विशेष न्यायाधीश झाले. १८९३ साली उच्च न्यायालयावर जाईपर्यंत दुय्यम न्यायाधीशांची दप्तरे तपासीत, गावोगाव मुक्काम करीत त्यांनी हे काम केले. त्याच वर्षांतील त्यांचे लेखन ह्या प्रवासापासून वेगळे काढता येत नाही. प्रशियातील जमिनीच्या कायद्यांवर त्यांनी लिहिले, डच लोकांच्या जावा बेटातील शेतीव्यवस्थेवर लिहिले, आणि १८९१ सालच्या ‘हिंदुस्थानातील स्थावर पतीची पुनर्रचना’ ह्या अर्थाच्या निबंधात युरोपातील जमीनतारण पेढ्यांचा आधार घेऊन, नुसती कोर्टाची रीत सुधारून भागणार नाही, शेतकऱ्यास रास्त दराने भांडवल मिळण्याची सोय हवी, असे प्रतिपादिले. दिवसा एका कुणब्याच्या खताचा इतिहास उकलावा आणि रात्री प्रशियाच्या कायद्याशी त्याची तुलना करावी, अशी ही विद्या होती.

परिणाम काय झाला? पक्षपात न करता सांगावयाचे तर संमिश्र झाला. तुरुंगाची भीती गेली. एकतर्फी हुकूमनाम्यांची धार बोथट झाली. प्रतिवादी कोर्टात बोलू लागला. पण सावकारही स्वस्थ बसला नाही. गहाणखताचा इतिहास कोर्ट उकलते असे दिसताच त्याने गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला. तोंडी वचन असे की पैसे फिटले म्हणजे जमीन परत देईन. कर्जाविरुद्ध बांधलेला बांध फोडून पाणी जमिनीच्या मालकीवरच गेले. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन, वरून खरेदी दिसणारा व्यवहार मुळात गहाण होता असे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा मिळाली. पण तोवर पुष्कळ शेते गेली होती.

सलोख्याच्या दाखल्याचे प्राक्तन ह्याहून बोधप्रद आहे. कन्सिलिएटरापुढे झालेला करार कोर्टात दाखल झाला आणि ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे त्यास हुकूमनाम्याचे बळ येई. पण कोर्टात खताच्या पाठीमागे पाहण्याची जी सक्ती होती, ती सलोख्याच्या ओट्यावर नव्हती. म्हणजे कायद्याने पुढच्या दाराशी दक्ष पहारेकरी ठेविला आणि बाजूचे दार उघडे टाकिले. जेथे पंच निःस्पृह व वजनदार होता तेथे तंटे खरोखर मिटले. जेथे तो सावकाराच्या ओशाळ्यातला होता तेथे दुर्बळाची संमती कागदावर सुबक उतरली. आणि जेथे तो नुसताच कंटाळलेला होता तेथे दाखला म्हणजे कोर्टाच्या वाटेवरचा आणखी एक जकातनाका झाला. पुढे कालांतराने ही व्यवस्था मोडीत निघाली. फ्रान्समध्येही दाखला हळूहळू केवळ उपचार बनून ती सक्ती १९४९ साली रद्द झाली. नॉर्वेत मात्र सलोख्याची मंडळे आजही काम करीत आहेत. तेथे मंडळ गावाने निवडलेले, समाज बहुतांशी साक्षर, आणि दोन्ही पक्षांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर नाही. एकच नियम तीन भूमींत तीन प्रकारे वाढला. हेच तुलनात्मक अभ्यासाचे मर्म आहे. नियमाचे शब्द परदेशातून आणता येतात, ज्या विश्वासावर तो नियम चालतो तो आणता येत नाही.

ह्या कायद्याची मुख्य कलमे १९०५ पासून मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. पुढे १९३९ व १९४७ च्या ऋणनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली. तोपर्यंत सहकारी पतपेढ्यांचा १९०४ चा कायदा येऊन रानडे यांनी दाखविलेली दुसरी वाट रुळू लागली होती. आणि स्वातंत्र्यानंतर ह्याच नगर जिल्ह्यात, प्रवरानगर येथे, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दंग्यांचा जिल्हा सहकाराचा जिल्हा झाला, ह्या स्थित्यंतरात न्यायपद्धतीच्या अपुरेपणाचाही धडा आहे.

मग हे सर्व आज कशास उकरावे? कारण प्रश्न शिळा झालेला नाही. दिवाणी संहितेचे ८९ वे कलम २००२ पासून नव्या रूपात आले व त्याने तंटा सलोख्याकडे पाठविण्याचा अधिकार कोर्टास दिला. लोकअदालती १९८७ च्या कायद्याने अधिकृत झाल्या. व्यापारी दाव्यांत, तातडीचा हुकूम मागावयाचा नसेल तर, आधी मध्यस्थीकडे गेलेच पाहिजे असा नियम २०१८ साली झाला आणि तो सक्तीचाच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. मध्यस्थीच्या सर्वसाधारण विधेयकात आरंभी अशीच सक्ती होती; चर्चेनंतर २०२३ च्या कायद्यात ती ऐच्छिक झाली. ह्या वादात फ्रान्स-इटलीचे दाखले पुष्कळ दिले गेले; आपल्याच चार जिल्ह्यांचा अनुभव मात्र क्वचितच कोणास आठवला.

इकडे जगात तुलनेचे काम एकट्यादुकट्या पंडिताच्या आवाक्याबाहेर गेले आहे. १९७८-७९ च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथून माउरो कापेलेत्ती यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या अभ्यासकांनी ‘न्यायापर्यंत पोचण्याची वाट’ ह्या विषयावर खंडच्या खंड प्रसिद्ध केले. गरिबास वकील, संहत हितसंबंधांचे रक्षण आणि कोर्टाबाहेरचे सुलभ मार्ग असा त्यांचा क्रम होता. त्यांपैकी पहिली व तिसरी गोष्ट १८७९ च्या कायद्यात बीजरूपाने होती हे वर आलेच आहे. अलीकडे लक्झेंबर्ग येथील माक्स प्लांक संस्थेच्या पुढाकाराने निरनिराळ्या खंडांतील विद्वानांनी मिळून दिवाणी कार्यपद्धतीचा तौलनिक ग्रंथ सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. अशा सहकार्यात प्रत्येक देशाने आपली संहिता नेऊन ठेवावी एवढ्याने भागत नाही. संहिता प्रत्यक्षात कोणाच्या अंगणात कशी उतरली, हेही सांगावे लागते. ते सांगण्याचा अधिकार व भार ज्या त्या भूमीच्या लोकांवर आहे.

आणि येथेच मराठी वाचकांचा संबंध येतो. आयोगाचा अहवाल व गॅझेटियर हे सरकारच्या नजरेने लिहिलेले आहेत. खताची, फारखतीची, कबुलायतीची, हुकूमनाम्याच्या नकलांची दुसरी बाजू पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, शेवगाव, नेवासे येथील शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या जुन्या दप्तरांत आहे. पुष्कळसे कागद मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. माळ्यावरचे असे बासन वाळवीस किंवा रद्दीस देण्यापूर्वी ते एखाद्या संशोधन मंडळास, ग्रंथालयास वा जाणत्या अभ्यासकास दाखवावे. १८७५ साली खते जाळणाऱ्यांच्या संतापास कारण होते. आज ती खते राखून ठेवून त्यांच्या पाठीमागचा इतिहास पहिल्या व्यवहारापासून वाचणे, हेच त्या कायद्याने न्यायाधीशास सांगितलेले काम आता आपण करावयाचे आहे.